नगराचे नाव आणि नगराची पत

(नगरविकास या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठीत ‘पत’ हा मोठा अर्थवाही शब्द आहे. पेढीवरील माणसाची पत म्हणजे त्याला किती उधार मिळेल तो आकडा आणि चारचौघांत त्याच्या शब्दाला असलेले वजनही. व्यवहार आणि लौकिक या दोन गोष्टी ज्या एका शब्दात एकत्र नांदतात, असा हा शब्द. अलीकडे नगरांच्या संदर्भात जो ‘ब्रँडिंग’ शब्द सर्रास वापरला जातो, त्याच्या मुळाशी खरे तर हीच पत आहे. परंतु प्रत्यक्षात तो शब्द बोधचिन्ह, घोषवाक्य, विमानतळावरचे फलक आणि गुंतवणूकदारांचे मेळावे एवढ्यावरच येऊन थांबला आहे.

या गोष्टीची आधुनिक सुरुवात शोधायची तर 1977 च्या न्यूयॉर्ककडे पाहावे लागते. शहर दिवाळखोरीच्या काठावर उभे होते, गुन्हेगारीने गांजले होते, पर्यटक फिरकेनासे झाले होते. त्या वर्षी राज्य शासनाने प्रसिद्धीची एक मोहीम हाती घेतली आणि मिल्टन ग्लेसर या चित्रकाराने तिच्यासाठी लाल बदामाचे ते सुप्रसिद्ध चिन्ह रेखाटले. पुढे जगातील प्रत्येक शहराला असे काही तरी आपल्याही दारावर असावे असे वाटू लागले. भारतातील नगरेही मागे राहिली नाहीत. कोणी पूर्वेचे ऑक्सफर्ड झाले, कोणी तलावांचे शहर, तर प्रभु रामचंद्रांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या नाशिकला द्राक्षांमुळे वाइनच्या राजधानीचीही बिरुदावली चिकटली. एकाच गावाच्या कपाळी अशा दोन ओळखी कशा नांदतात, हा एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय ठरेल.

नगराने नाव कमवावे यात गैर काही नाही. उद्योग, शिक्षणसंस्था, हुशार तरुण मुले, यात्रेकरू ही सारी नावाकडे खेचली जातात. प्रश्न पुढचा आहे. नाव मोठे झाले की माणसे येतात. माणसांबरोबर वाहने येतात, इमारती उठतात, पाण्याची मागणी वाढते, सांडपाणी आणि कचरा वाढतो. हे वाढते ओझे पेलण्याची ताकद नगराच्या नळांत, गटारांत, तलावांत आणि नदीत असेल तर नाव टिकते. ती नसेल तर नावच नगराला खाऊ लागते. म्हणून नगराच्या नावाचे मोजमाप करताना किती पर्यटक आले, किती करार झाले एवढे मोजून भागणार नाही. हे नाव कोणाच्या जोरावर उभे आहे आणि त्याचा भार कोणावर पडतो आहे, हेही पाहावे लागेल.

याचा विचार हवेत करण्यापेक्षा एका शहराच्या उदाहरणावर केलेला बरा. ते शहर म्हणजे इंदूर. होळकरांचे इंदूर मराठी माणसाला परके नाही. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, घराघरांत अजूनही बोलली जाणारी माळवी वळणाची मराठी हे सारे त्याचे साक्षीदार आहेत. आणि नगराचे नाव कशाने होते याचा धडाही याच घराण्याने घालून दिला आहे. पुण्यश्लोक अहल्याबाईंची राजधानी महेश्वर. पण त्यांचे नाव काशीपासून रामेश्वरापर्यंत पोहोचले ते घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा आणि मंदिरे यांमुळे. वाटसरूच्या तहानेशी आणि भाविकाच्या स्नानाशी त्यांचे नाव जोडले गेले. 2025 मध्ये त्यांच्या जन्माला 300 वर्षे पूर्ण झाली, तरी ते नाव पुसट झालेले नाही.

याच इंदूरला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक विलक्षण माणूस आला. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार. 1914 मध्ये तो भारतात आला, अनेक नगरे पायी हिंडला आणि इंदूर दरबारासाठी त्याने केलेला दोन खंडांचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या त्या काळच्या गोऱ्या अभियंत्यांच्या पद्धतीला त्याचा विरोध होता. शल्यचिकित्सकाने जेवढे अवश्य तेवढेच कापावे, तशी वस्तीची दुरुस्ती व्हावी, हे त्याचे सूत्र. भारतीय नगरांतील तळी आणि विहिरी बुजवू नका, असे तो पुनःपुन्हा सांगत राहिला.

त्या वेळी इंदूर प्लेगने त्रस्त होते. घरे उकरा, उंदीर मारा, कचरा काढा, असे हुकूम काढून लोक हलत नव्हते. गेडिसने वेगळी युक्ती योजली. दिवाळीच्या निमित्ताने त्याने एक भव्य मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले की मिरवणुकीचा मार्ग आधी ठरलेला नाही. ज्या गल्ल्यांतील लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ ठेवतील, त्या गल्ल्यांतून ती जाईल. मग काय विचारता! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. गाड्या भरभरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता आणि अखेरीस त्यांचे दहन झाले. नगरीची म्हणून एक नवी देवताही कल्पिली होती आणि तिच्या ध्वजावर सुधारित नगराचा नकाशा होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सफाई कामगार शुभ्र वस्त्रे आणि फुलांच्या माळा घालून त्या मिरवणुकीत मानाने चालले. ज्याची सावली टाळली जात होती, त्याला नगराने आपल्या उत्सवात मानाचे स्थान दिले. समरसतेचा याहून बोलका प्रसंग नगररचनेच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण.

आजच्या भाषेत बोलायचे तर हे ब्रँडिंगच होते. पण त्याची दिशा उलटी होती. तो देखावा परगावच्या पाहुण्यांसाठी नव्हता. नगराने नगरालाच दाखवलेले ते स्वतःचे रूप होते आणि ते पाहण्याचा मान मिळवण्यासाठी आधी काम करावे लागत होते.

पुढे शतकभरात इतर नगरांप्रमाणे इंदूरही वाढले आणि बकाल झाले. केंद्र शासनाने 2016 मध्ये 73 शहरांचे पहिले स्वच्छ सर्वेक्षण केले. त्यात मैसूर पहिले आले आणि इंदूर होते 25 वे. अवघ्या वर्षभरात, 2017 मध्ये, ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तेथून हललेच नाही. 2023 च्या सर्वेक्षणात सुरतेने त्याच्याशी पहिला क्रमांक वाटून घेतला. जुलै 2025 मध्ये जाहीर झालेल्या निकालात तर सतत वर राहणाऱ्या शहरांसाठी वेगळा वर्गच करावा लागला, आणि मोठ्या शहरांच्या त्या वर्गातही इंदूर पहिले, सुरत दुसरे आणि नवी मुंबई तिसरी ठरली.

हे यश घोषवाक्याने आले नाही. कचऱ्याच्या पेट्या रस्त्यांवरून उचलल्या गेल्या, घरोघरी गाडी जाऊ लागली, ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची शिस्त गृहिणींनी अंगी बाणवली. रात्री रस्ते झाडले जाऊ लागले. रंगपंचमीला राजवाड्यासमोरून निघणाऱ्या ‘गेर’ या जुन्या मिरवणुकीत लाखो लोक रंग उधळतात. ती पुढे सरकली की मागून सफाई कामगारांची फौज येते आणि काही तासांत रस्ता पूर्ववत होतो. गेडिसच्या मिरवणुकीची आठवण व्हावी असेच ते दृश्य असते. देवगुराडिया येथील जुने कचऱ्याचे डोंगर हटवले गेले आणि तेथे फेब्रुवारी 2022 मध्ये दररोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

आता पतीचा दुसरा, म्हणजे पेढीवरचा अर्थ पाहू. इंदूरला पाणी येते ते नर्मदेचे, सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून आणि विंध्याची चढण चढवून. एवढे पाणी उपसायला लागणारी वीज हा महापालिकेच्या तिजोरीवरचा कायमचा भार. म्हणून खरगोन जिल्ह्यातील जलूद येथे 60 मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी फेब्रुवारी 2023 मध्ये महापालिकेने 244 कोटी रुपयांचे हरित रोखे थेट जनतेसाठी विक्रीला काढले. मागणी विक्रीच्या कितीतरी पट आली. मध्य भारतातील एका महापालिकेच्या कागदावर सामान्य गुंतवणूकदाराने विश्वास टाकला, यात स्वच्छतेने मिळवलेल्या नावाचा वाटा नाही असे कोण म्हणेल? नाव कमावले, नावावर कर्ज मिळाले, कर्जातून पाण्याचा खर्च कमी करण्याची व्यवस्था झाली. शाश्वत नगरवाढीला ब्रँडिंगचा उपयोग कसा होऊ शकतो, याचे हे नमुनेदार उदाहरण म्हटले पाहिजे.

अर्थात रोखे विकले गेले म्हणजे काम झाले असे नव्हे. पुणे महापालिकेने 2017 मध्ये 24 तास पाणी देण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले, मुंबईच्या शेअर बाजारात मोठ्या थाटाने त्यांची नोंदणी झाली आणि त्यानंतर ती योजना वर्षानुवर्षे रेंगाळली. टँकरची वाट पाहणाऱ्या उपनगरातील कुटुंबाला त्या समारंभाचे काय कौतुक असणार?

इंदूरकडे परत यावे. नावामुळे ओझे वाढते ते कसे, हेही याच शहरात दिसले. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 20 लाखांच्या घरात होती. 2014 च्या सुमारास लगतची 29 गावे महापालिकेच्या हद्दीत आली. मोठमोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या आल्या, शिक्षणासाठी मुले आली. जानेवारी 2023 मध्ये प्रवासी भारतीय दिवस आणि पाठोपाठ जागतिक गुंतवणूकदार परिषद येथेच भरली. शहर नटले, भिंती रंगल्या, अनेक कुटुंबांनी परदेशस्थ पाहुण्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. नाव दुमदुमले.

आणि त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, 30 मार्च 2023, रामनवमीचा दिवस. बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू होते. एका जुन्या बारवेवर स्लॅब टाकून तयार केलेल्या जागेत भाविक बसले होते. स्लॅब खचला आणि माणसे खालच्या पाण्यात कोसळली. 36 जणांचे प्राण गेले. ज्या अहल्याबाईंनी देशभर बारवा बांधल्या, त्यांच्याच नगरीत एक बारव फरशीखाली विस्मृतीत जावी आणि रामजन्माच्या दिवशी तिने अशी आठवण करून द्यावी, हे विदारक होते.

दुसरी घटना डिसेंबर 2025 च्या अखेरची. भागीरथपुरा ही दाट वस्ती. तेथील पिण्याच्या पाण्याच्या मुख्य वाहिनीला गळती होती आणि तिच्याच वर एक शौचालय उभे होते. नळांतून सांडपाणी मिसळलेले पाणी आले. शेकडो लोक आजारी पडले, अनेक दगावले. देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आठव्यांदा गौरव झाल्यानंतर सहाच महिन्यांत हे घडले. त्या वस्तीचे नावही भगीरथाचे, ज्याने तपश्चर्येने गंगा भूतलावर आणली!

यावरून इंदूरची स्वच्छता म्हणजे निव्वळ देखावा होता, असा निष्कर्ष काढणारे अनेक निघाले. तो निष्कर्ष उथळ आहे आणि रोज पहाटे दारापुढे उभ्या राहणाऱ्या गाडीवरील कामगारावर तो अन्याय करणारा आहे. रस्ता खरोखरच स्वच्छ होता. पण रस्त्याखाली काय आहे याला गुण नव्हते. चूक मोजमापात होती.

हे मोजमाप कसे होत आले ते पाहण्यासारखे आहे. 2017 च्या सर्वेक्षणात एकूण 2000 गुण होते. त्यांतील 900 महापालिकेने स्वतः सादर केलेल्या कागदपत्रांवर, 500 निरीक्षकांच्या प्रत्यक्ष पाहणीवर आणि 600 नागरिकांच्या अभिप्रायावर. म्हणजे जवळपास निम्मी परीक्षा विद्यार्थ्यानेच लिहिलेल्या प्रगतिपुस्तकावर. पुढे या पद्धतीत अनेक सुधारणा झाल्या, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आणि या सर्वेक्षणाने देशातील शेकडो नगरांना कचऱ्याकडे गांभीर्याने पाहायला लावले हेही तितकेच खरे. परंतु जे डोळ्यांना दिसते, छायाचित्रात येते आणि पाहुण्याच्या नजरेत भरते त्याकडे कोणत्याही स्पर्धेचा कल झुकतो, तसा याही स्पर्धेचा झुकला. जलवाहिनीची गळती छायाचित्रात येत नाही. वस्तीच्या टोकाच्या नळाचे पाणी महिन्यातून किती वेळा तपासले, हे विमानतळावरील फलकावर कोणी लिहीत नाही.

आणखी एक बाब आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रोज 550 टन कचरा पचवणारा प्रकल्प उभारणे हा पराक्रम आहे. पण त्या प्रकल्पाला रोज 550 टन कचरा लागतो! घरातील अन्न वाया जाऊ नये, वस्तू टिकवून वापराव्यात, ही ज्या संस्कृतीची शिकवण त्या समाजात कचऱ्याची विल्हेवाट किती झाली याबरोबर कचरा किती घटला यालाही गुण हवेत. पानात अन्न न टाकण्याचा संस्कार आजीने नातवाला द्यायचा असतो, तो महापालिकेच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

नाव बुडणे आणि कमावणे या दोन्हींचा अनुभव सुरतेइतका दुसऱ्या कोणत्या शहराला नसेल. सप्टेंबर 1994 मध्ये तेथे प्लेगची साथ आली. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले, जगाने भारताच्या नावाने नाक मुरडले, हिऱ्यांची आणि कापडाची पेठ ओस पडली. 1995 मध्ये एस. आर. राव तेथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी आरंभ केला तो गटारांपासून. अधिकारी रोज सकाळी कार्यालयाऐवजी रस्त्यावर दिसू लागले, विभागवार जबाबदारी आणि अधिकार दिले गेले, श्रीमंतांच्या अतिक्रमणांनाही हात लागला. 1996 मध्ये इन्टॅक या संस्थेच्या पाहणीत सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. या साऱ्या काळात शहराने कोणतेही बोधचिन्ह शोधत बसण्याची गरज पडली नाही. गटारे वाहती झाली, रोगराई उतरली, व्यापारी परतले आणि नाव आपोआप आले. सुरतेने आधी जमिनीखालचे काम केले होते. क्रमाचा हा फरक लक्षात ठेवावा.

नगराच्या नावाची आणखी एक कसोटी आहे आणि ती नगराच्या हद्दीत घेताच येत नाही. इंदूरमधून कान्ह नावाची नदी वाहते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या तिच्याच काठी आहेत; सरस्वती तेथे तिला मिळते. ही कान्ह पुढे उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत विलीन होते. म्हणजे इंदूर जे काही नदीला देते, ते महाकालाच्या नगरीत स्नानाला उतरणाऱ्या भाविकाच्या ओंजळीत पोहोचते. ऑगस्ट 2021 मध्ये इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर घोषित झाले. प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीनाल्यांत सोडले जात नाही, असा या किताबाचा अर्थ. पण उज्जैनची चिंता त्याने मिटली नाही. 2016 च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी घाटांपर्यंत पोहोचू नये म्हणून जलवाहिनी टाकून ते वळवावे लागले होते आणि आता 2028 च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठी व्यवस्था उभी केली जात आहे. कान्हमध्ये येणारे सारे पाणी महापालिकेचेच असते असे नाही. औद्योगिक वसाहती आहेत, हद्दीबाहेरची गावे आहेत. परंतु उज्जैनच्या घाटावर उभ्या असलेल्या यात्रेकरूला हद्दीची रेषा दिसत नाही. त्याला पाणी दिसते.

म्हणून शहराच्या नावाला गुण देताना त्या शहराच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावांचे मत विचारावे, ही सूचना वरवर विचित्र वाटली तरी तीच सर्वांत न्याय्य आहे. महाराष्ट्रालाही ती तितकीच लागू पडते. पुण्याच्या लौकिकाची परीक्षा दौंड आणि इंदापूरच्या शेतकऱ्याने घ्यावी, कारण मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीत जाते, आणि त्याच उजनीच्या खाली भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. सिंहस्थाच्या तयारीला लागलेल्या नाशिकची परीक्षा गोदाकाठच्या पुढच्या गावांनी घ्यावी. पाहुण्याच्या अभिप्रायापेक्षा शेजाऱ्याचा अभिप्राय कडवट असतो, पण तो खरा असतो.

इंदूरच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये उदयपूरसह इंदूरला पाणथळ जागा जपणारे शहर म्हणून रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातील ही पहिली दोन शहरे. हा मान ज्या सिरपूर आणि यशवंत सागर या तलावांच्या बळावर मिळाला, ते दोन्ही होळकर संस्थानाच्या काळातील आहेत. यशवंत सागराचे पाणी आजही शहराला मिळते. ज्यांनी ते बांधले त्यांच्यासमोर कोणताही किताब नव्हता. रयतेला पाणी हवे होते. त्या तलावांच्या पाणलोटात आता वसाहती सरकत आहेत. किताब मिळाल्यामुळे त्या थांबतात की किताबामुळेच तेथील जमिनीचा भाव वाढून अधिक वेगाने सरकतात, हे येत्या काही वर्षांत दिसेल. इंदूरच्या नावाची खरी हिशेबवही तेथे लिहिली जाणार आहे.

भागीरथपुऱ्यात नव्या वाहिन्या टाकण्याचे काम घटनेनंतर हाती घेण्यात आले. उज्जैनच्या वरच्या अंगाला जमालपुऱ्यापासून कान्हचे पाणी बंद कालव्यात आणि बोगद्यात घालून सुमारे 30 किलोमीटर फिरवत गंभीर नदीकडे नेण्याचे काम चालू आहे. 2028 च्या चैत्र-वैशाखात कोट्यवधी भाविक क्षिप्रेच्या घाटांवर उतरतील, तेव्हा देशातील सर्वांत स्वच्छ शहराचे पाणी त्यांच्या दृष्टीआड, जमिनीखालून वळसा घालून पुढे जात असेल.